उलटा बॉक्स

विक्कीने माझ्या मुलीची दोन बोटं शटरखाली चिरडली तेव्हा मी जबलपुरात चेरीतालच्या घरी बसून स्प्रिंगा तोलत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्ही मला ओळखून असाल.

नेपियर टाउनात ऋचाचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे आणि अगदी समोर विक्कीचं होतं. तिच्याकडे एका कंपनीच्या काळ्या मशिनी, त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्या. मारामारीचा गेम दोन्हीकडे एकच. पण हिचा कंट्रोलर तिकडे लागत नाही आणि तिकडचा इकडे. त्यामुळे या दुकानातला वाघ त्या दुकानात गेला की मांजर व्हायचा, आणि मग खरा वाघ कोण यावर रोज राडा. मे महिन्यात एकाने दुसऱ्याचं डोकं खुर्चीने फोडलं, सात टाके पडले. शेवटी दोन्हीकडच्या खेळाडूंनी ठरवलं की दोन्ही दुकानमालक एकदाच समोरासमोर खेळतील, आणि जो हरेल तो दुकान उचलून नेपियर टाउन सोडेल.

जज मी. मुलीचा बाप जज कसा, असं कुणीही विचारलं नाही. डिफेन्सच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणीला होतो. साहेबाच्या भाच्याच्या हाताखालचा चारशे नगांचा माल मी केसभर फरकासाठी परत पाठवला होता. हे अर्ध्या जबलपूरला माहीत आहे. उरलेल्या अर्ध्याला मी स्वतः सांगितलं आहे.

कंट्रोलरच्या जागी मी पत्र्याचे दोन बॉक्स बनवले, दोन्ही कंपन्यांच्या मशिनींना लागणारे. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला सहा बटणं. प्रत्येक बटणाची स्प्रिंग तोलून बसवली. नियमाचा कागदही मीच लिहिला: दोन्ही खेळाडू याच मापाच्या, याच मांडणीच्या बॉक्सवर खेळतील, दुसरा बॉक्स चालणार नाही.

ऋचाला ते पटलं नव्हतं. “बाबा, सगळ्यांना एकच माप लावलं तर नवीन काही बनेल का? या दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या म्हणून तर मशिनी सुधरून राहिल्या.”

“आणि उद्या प्रत्येक तोफेला वेगळा गोळा लागला तर?”

“मी तोफ नाही ना, बाबा.”

मी हसलो. मग पुढची स्प्रिंग काट्यावर ठेवली.

मॅच रविवारी होती. बुधवारी दुपारी ऋचा जेवायला घरी यायला निघाली, वाकून शटर खाली ओढत होती. ते गुडघ्यापर्यंत आलं असताना विक्कीने त्यावर लाथ घातली. तिच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट खालच्या पट्टीत सापडलं. मग तो त्या पट्टीवर चढून उभा राहिला. “सॉरी दीदी, पैर फिसल गया,” म्हणाला आणि खाली उतरला नाही. ती किंचाळली तसा त्याने टाच देऊन आणखी भार टाकला. शेजारच्या कोचिंग क्लासबाहेर पन्नासेक पोरं उभी होती. एकही पुढे आला नाही.

डॉक्टरांनी बोटांत तारा घालून मनगटापर्यंत प्लास्टर केलं. माझी बायको पद्मजा माझ्या अंगावर धावून आली. “काहून बसून राहिले? जा न, त्याचे हात तोडून या!”

ऋचा शांत होती. “त्याला बाद करा, बाबा. तुम्ही जज आहात.”

मी कागद काढला. चुलीत घालायचा होता तो कागद, मी काढून वाचला. “नियम बॉक्सचा आहे, बेटा. हाताबद्दल त्यात काही नाही. आपण पोलिसात जाऊ.”

“पोलिसात गेली तर मॅच जाईल,” ती म्हणाली, आणि उठून खोलीत गेली. पुढचे तीन दिवस दार लावून आत काहीतरी जोडत बसली.

रविवारी अकराला एका लग्नाच्या हॉलमध्ये दीडशे माणूस जमलं. विक्की आधीच बसून माझ्या बॉक्सवर हात फिरवत होता. ऋचाने पिशवीतून तिचा बॉक्स काढला. दांडी उजवीकडे, तळव्याने रेटता येईल अशी जाड. बटणं डावीकडे, शाबूत बोटांसाठी. मी तपासला. स्प्रिंगा माझ्याइतक्याच तोललेल्या, पत्रा माझ्यापेक्षा जाड. चौतीस वर्षांत इतकं नेटकं काम माझ्या हाताखालून क्वचित गेलं असेल, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली.

“अंकल जी, रूल तो आपका ही है,” विक्की म्हणाला.

“दांडी डावीकडे पाहिजे,” मी म्हणालो. “हा चालणार नाही.”

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे सगळं सारखं पाहिजे न, बाबा?”

“हो.”

तिने डाव्या हाताने आणि प्लास्टरने तो बॉक्स डोक्याच्या वर उचलला आणि कोपऱ्याच्या बाजूने विक्कीच्या उजव्या हातावर हाणला. तो ओरडायच्या आत दुसरा घाव. तिसऱ्याला बोटं पत्रा आणि टेबलाच्या मध्ये चेचली गेली. बटणांच्या फटीत रक्त उतरलं. विक्कीची माणसं उठली, खुर्च्या उडाल्या. कुणीतरी ऋचाच्या पोटात लाथ घातली, मी मध्ये पडलो तर कानावर असा ठोसा बसला की एका बाजूचं ऐकूच येईना. मी कारखान्यातला आवाज लावला. “बसा सगळे! जो उठेल, त्याचं दुकान हरलं!”

बसले.

“इसको बाहर करो, अंकल!” विक्की रडत होता. “मेरा हाथ देखो!”

पाहिलं. दोन बोटं उलटी वळली होती. मी कागद काढला आणि माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला. “नियम बॉक्सचा आहे. हाताबद्दल काही नाही. मॅच सुरू.”

खेळला तो; न खेळता तर दुकान गेलं असतं! ऋचा माझ्या दुसऱ्या बॉक्सच्या बटणांवर प्लास्टर आपटत होती, प्रत्येक ठोशाला तिच्या तोंडून ‘आई गं’ निघत होतं. पडद्यावरची बाहुली मजेत लाथा मारत होती आणि टेबलाशी दोघं जण कण्हत होते. प्लास्टर तडकलं, आतून लाल झालं. पाच डाव चालले. दोन त्याचे, तीन तिचे.

विक्कीला उचलून नेलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हॉल रिकामा झाल्यावर ऋचा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझे डोळे वाहत होते आणि पुसायचं मला भान नव्हतं.

“बुधवारी माझी बोटं पाहिली तेव्हा तुमचे डोळे कोरडे होते,” ती म्हणाली. “आज विक्कीसाठी काहून रडून राहिले?”

मी विक्कीसाठी रडत नव्हतो. पण ते सांगायचा दिवस बुधवार होता.