जांभईच्या तोंडचा सुवास

"पायाला मुंग्या आल्या, आणि या गुरूचं ध्यान काही सुटत नाही," पाववाला माझ्या कानामागे कुरकुरला. "भट्टी भाच्यावर टाकून आलोय मी. सगळं करपलं तर हा येणार आहे का निस्तरायला?"

"हळू बोला," त्याची बायको म्हणाली. "ऐकू जाईल त्यांना."

"जाऊ दे की. मनातलं ऐकतात म्हणे. मग माझं केव्हाच ऐकलं असेल."

एवढं बोलून तो तिथेच बसून राहिला. उठून कोणीच गेलं नव्हतं. लॉन्ड्रीच्या वरचा तो लांबट हॉल. खालून इस्त्रीची वाफ फटींतून वर येत होती. खुर्च्या भरल्या होत्या, जमीन भरली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं टेकली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर टोपली, खोकं नाहीतर पिंजरा होता. प्रत्येकात एक आजारी मांजर. इतकी मांजरं एका खोलीत, आणि एकाचंही गुरगुरणं नाही. स्पर्शगुरूंच्या सान्निध्यात वैर गळून पडतं, असं त्यांची शिष्या दारातच सांगत होती. मला वाटलं, भांडायलाही अंगात बळ लागतं.

माझ्या शेजारी ताई बसली होती, माझी सख्खी मोठी बहीण. तिच्या टोपलीत जांभई. घरात आली त्या दिवशी या मांजरीने ताईच्या तोंडासमोर जबडा फाडून जांभई दिली होती, तेच नाव पडलं. करडा रंग, एक कान दुमडलेला, स्वभाव सासूबाईंचा.

जांभईला साखरेचा आजार होता. आमच्या प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे रोखठोक बाई. मनगटांवर ओरखडे, बोलणं त्याहून धारदार. त्यांनी सगळं समजावून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आणि सुईच्या वेळेलाच मोजून दिलेलं ओलं, मांसाचं खाणं. दूध नाही, पाव नाही, पिठाचं काही नाही. ताईची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, वेळेच्या बाबतीत ती घड्याळाला शिकवेल. सगळं तंतोतंत केलं तिने. फक्त सुई टोचताना प्रत्येक वेळी डोळे मिटायची, मांजरीचे नव्हे, स्वतःचे.

अशा बाईला कोणी म्हणालं की सुईची गरजच नाही, तर ती काय करेल?

स्पर्शगुरू तेच म्हणत होता. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. "रोगांना नावं डॉक्टरांनी दिली. मांजर एकच, तिचं ताट एकच." पाववाल्याच्या बोक्याची मूत्रपिंडं थकलेली, खिडकीत टेकलेल्या एका चष्मेवाल्याच्या मांजरीला लघवीत खडे, जांभईला साखर, आणि तिघांना एकच ताट. दूध, त्यात मध, आणि रात्री लोण्यात गुंडाळलेली एक पांढरी गोळी. तिचं नाव शीतलकण. गोळी गुरूने रात्रभर तळहातावर धरून भारलेली. तळहात केवढा आणि गोळ्यांच्या बरण्या किती, हे कोणी विचारत नव्हतं.

कारण चमत्कार डोळ्यांसमोर होत होता, आणि तोही आपल्याच सामानाने. साखरेच्या मांजरींसाठी डॉक्टर लघवी तपासायच्या पट्ट्या देतात. पट्टीचं टोक पिवळं असतं. लघवीत साखर असली की ते हिरवं होतं, फार असली की गडद. ताई मांजरीच्या ट्रेमध्ये मातीऐवजी प्लास्टिकचे मणी पसरायची, म्हणजे लघवी खाली साठते, आणि ती बाटलीत घेऊन यायची. बाटली ताईची, पट्टी डॉक्टरांची, बुडवायचा हात ताईचाच. गुरू चार हात लांब डोळे मिटून बसलेला. आणि पट्टी पिवळीच्या पिवळी. मध खाणारी मांजर, सुई बंद, तरी साखर गायब. माणसं रडायची. मी स्वतः पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण मी मांजरीकडेही पाहत होते. जांभई पाण्याच्या भांड्याजवळून हलेना. पाठीचा कणा बोटांना लागायला लागला. मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून ती सशासारखी चालायची.

"नमन करतेय ती," गुरू म्हणाला होता. "शरीर नम्र झालं."

आणि गेल्या दोन-तीन दिवसांत तिच्या तोंडाला एक गोड वास यायला लागला होता, फार पिकलेल्या फळासारखा. शिष्येने हुंगून हात जोडले. "सुवास प्रकटला."

काल मी ताईकडे गेले तेव्हा डब्यातला एक शीतलकण उचलून जिभेवर ठेवला. आंबट. लहानपणी हिरड्यांतून रक्त आलं की चघळायला गोळी मिळायची, अगदी तशी चव. मी ताईला म्हटलं, "ही साधी औषधाच्या दुकानातली गोळी वाटते गं."

"तुला माझं काही बरं झालेलं बघवतच नाही," ती म्हणाली आणि डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन केला. त्यांचा फोन घेणं ताईने केव्हाच सोडलं होतं. त्यांनी आंबटपणा ऐकला, वास ऐकला, आणि वासाबद्दल पुन्हा खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "उद्या मी येते तिथे, पट्ट्या घेऊन. साखरेच्या पाण्यात ती गोळी घालून दाखवू सगळ्यांना. आणि तुमच्या बहिणीला उरलेलं इन्सुलिन टाकू देऊ नका. काहीही करा, पण टाकू देऊ नका."

म्हणून मी आले होते. डॉक्टर आल्या नव्हत्या.

समोरच्या गादीवर स्पर्शगुरूने डोळे उघडले. मऊ, गोरटेला माणूस, नखं इतकी स्वच्छ की मांजर कधी त्याच्या वाट्याला गेलं असेल असं वाटू नये. पुढ्यात पाण्याने भरलेली एक बादली होती.

"आज मुक्तीचा दिवस," तो म्हणाला. "ज्यांची पट्टी आज पिवळी, त्यांनी आपल्या सुया आणि बाटल्या या जळात सोडायच्या. काठावर पाय ठेवून कोणी पोहत नाही. संशय घरी ठेवलात, तर रोगही घरीच राहील."

शिष्येने ताईचं नाव पुकारलं. ताई उठली. बाटलीत पट्टी बुडवली, बाहेर काढली. हॉलमध्ये वाफेचा फुसफुसाट तेवढा ऐकू येत होता. पट्टी पिवळी.

"बघा," गुरू हळूच म्हणाला. ओरडायची गरजच नव्हती त्याला.

ताईने पर्स उघडली आणि इन्सुलिनची छोटी काचेची बाटली काढली. ती तिने आजवर लोण्यासारखी जपलेली, फ्रिजच्या दारात, रुमालात गुंडाळून. आता तिचा हात बादलीवर होता.

"थांब," मी म्हणाले.

सगळी डोकी वळली. मी उभी राहिले. "मला एक विचारायचंय. ही गोळी साखरेच्या पाण्यात घातली, तर काय होईल?"

"अगं खाली बस," ताई दातांतून म्हणाली. "लाज आणू नकोस."

"बसते. आधी बघू दे."

दारापाशी चहाचं सामान होतं. मी पेला पाण्याने भरला, त्यात चहाची साखर दोन चमचे घातली, खळखळून ढवळली. आधी नुसत्या साखरेचं पाणी दाखवायचं, पट्टी हिरवी होईल, मग गोळी घालायची, असा माझा बेत. ताईच्या पर्समधली पट्टी ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर बुडवली.

पट्टी पिवळी.

मी पुन्हा बुडवली. पिवळी. आणखी एक चमचा साखर. पिवळीच.

गुरू हसला, अगदी प्रेमाने. "बाई, तुम्ही मला खोटं पाडायला उठलात आणि पुरावा तुमच्याच हातून घडला. या खोलीत साखरेचंही साखरपण राहत नाही."

हॉलभर एक सुस्कारा गेला. कोणीतरी हात जोडले. पाववालासुद्धा "आयला" म्हणाला.  ताईकडे मी पाहिलं नाही, पण काचेच्या बाटलीचा बुडबुडत खाली जाण्याचा आवाज केव्हा येतो, याकडे माझे कान लागले होते.

"कुठली साखर घातली?"

दारात डॉक्टर. धापा टाकत होत्या, कोटाच्या बाहीवर कुत्र्याचे केस. कोणाच्या तरी कुत्र्याने मोजा गिळला म्हणून उशीर झाला होता, हे नंतर कळलं.

"चहाची," मी म्हणाले.

"ही पट्टी चहाच्या साखरेला ओळखत नाही. रक्तात आणि लघवीत असते ती साखर वेगळी. ग्लुकोज. तिच्याशीच हिचा रंग जमतो." त्या सरळ आत आल्या. पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला, अशक्त माणसाला पाण्यातून देतात तो. "तुमचं पाणी खोटं नव्हतं हो. परीक्षा चुकीची होती. या खोलीबाहेर करून बघा, तिथेही पिवळीच राहील."

"गुरुजींची परवानगी," शिष्या पुढे आली.

"पाणी ढवळायला परवानगी?" डॉक्टरांनी एका पेल्यात चिमूटभर ग्लुकोज घातलं आणि पेला पाववाल्याच्या हातात दिला. "तुम्ही बुडवा. माझा हात नको."

पाववाल्याने पट्टी बुडवली. टोक हिरवं होत गेलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"म्हणजे इथेही साखर साखरच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता शीतलकण द्या कोणीतरी."

 मग चष्मेवाल्याने खिशातून पुडी काढली. डॉक्टरांनी गोळी दोन चमच्यांमध्ये चुरली, त्याच पेल्यात टाकली, ढवळली. पाववाल्याने नवी पट्टी बुडवली. पीठ मळून दगड झालेल्या हाताने.

पिवळी.

"ग्लुकोज गेलं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं. "कुठेच नाही. पेल्यातच आहे. ही गोळी म्हणजे क जीवनसत्त्व, सर्दीत चघळतात ते. पट्टीवर रंग चढायच्या आत ते त्याला खाऊन टाकतं. मांजरीला रात्री ही गोळी दिली की ती सकाळच्या लघवीत उतरते. साखर तितकीच असते, कदाचित जास्त. फक्त पट्टी मुकी होते."

पाववाल्याने चमच्याला लागलेला चुरा चाटला. "आंबट," तो म्हणाला आणि गुरूकडे असं बघत राहिला, जसं कच्च्या पावाकडे बघतात.

गुरू मान हलवत होता. "यंत्राने रंग बघितला. मी प्राण बघतो. या बाईंची साखर रसायनाची आहे, तुमच्या मांजरींची साखर भावनेची. शंकेखोर हाताने पट्टी कशी..."

"हात माझा होता," पाववाला म्हणाला. "आणि शंका मला आत्ता आली."

तेव्हा स्पर्शगुरूने डोळे मिटले. शिष्या म्हणाली, गुरुजी ध्यानात गेले, आता बोलणार नाहीत.

"बोलत होते तेव्हाच आम्ही फसलो," पाववाल्याची बायको म्हणाली. नवऱ्याला हळू बोलायला सांगणारी तीच बाई.

वाटलं, आता गलका होईल. झाला नाही. माणसं आपापल्या टोपल्यांवर हात ठेवून बसून राहिली. चष्मेवाला पुटपुटला, "पण माझी तर बरी दिसते. जरा झोपते जास्त, एवढंच." कोणीतरी म्हणालं, "ऋतू बदलतोय." कोणीतरी म्हणालं, "वय झालं की खाणं कमी होतंच." खोटं उघडं पडलं होतं, तरी त्यावर पांघरूण घालायला सगळे हात पुढे. मला त्यांचा राग आला नाही. जीव लावलेला असला की माणूस डोळ्यांना काय काय समजावतो.

डॉक्टर गादीच्या कडेवर बसल्या. आवाज उतरला होता. "ऐका. एकच ताट सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडं थकली असतील, त्या मांजरीचं अन्न वेगळं, मांस मोजून. खडे होतात तिला पाणी जास्त जाईल असं ओलं खाणं. साखरवालीला पीठ आणि गोड नाही, आणि सुई चुकवायची नाही. मलाही हे हुंगून कळत नाही. मला रक्त तपासावं लागतं, वजन करावं लागतं, आणि चुकलं तर बदलावं लागतं. कोणी म्हणालं, माझं कधीच चुकत नाही, तर टोपली उचला आणि घरी जा. पट्टी बघून मांजर ठरवू नका. मांजर बघा. पाणी किती पिते, चालते कशी, उचलली तर हाताला काय लागतं. हे बघायला ना गुरू लागतो ना मी. तुम्ही रोज बघताच आहात."

या शेवटच्या शब्दांवर हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघेना.

ताई अजून बादलीपाशीच उभी होती. बाटली मुठीत. मी तिच्याजवळ जायला निघाले, तर तिने दुसऱ्या हाताने मला थांबवलं. मग ती आली, टोपली उचलली आणि डॉक्टरांसमोर ठेवली. तिने झाकण उघडलं. जांभईने मान वर केली नाही. तो गोड वास आमच्यापर्यंत आला, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहून मला कळलं की वेळ थोडा आहे. त्यांनी लगेच बॅग ओढली. "हा सुवास नाही, रक्तात साठलेल्या विषाचा वास आहे."

"कधीपासून अशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते. बहिणीची बाजू सावरायची सवय. तिला ठाऊक नव्हतं, तिला फसवलं, असलं काहीतरी. पण ताईच बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, टेलिफोनवर नंबर सांगावा तशी.

"सुई बंद केल्यापासून. मरतेय ती, डॉक्टर. आणि मला ते रोज दिसत होतं."