ललित स्मृती करंडक

गंगापूर रोडजवळच्या मैदानावर मुलाच्या फोटोला हार घालून चिमाजी पहिल्या रांगेत जाऊन बसला. हार त्याच्याच मळ्यातल्या झेंडूचा होता. ललित बास्केटबॉलच्या लीगमध्ये पगारी खेळाडू म्हणून खेळायचा. सव्विसाव्या वर्षी भर सामन्यात तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याआधी इथंच, प्रशिक्षक शेखरसरांकडे सराव करताना त्याला दोनदा चक्कर आली होती. "शेखरसर म्हणाले, ऊन लागलं असेल," असं त्यानं घरी सांगितलं, आणि चिमाजीनंही ते खरं मानलं. हृदयाची एक तपासणी झाली असती तर पोरगा वाचला असता, हे डॉक्टरांनी सांगितलं ते तो गेल्यावर.

तेच शेखरसर आता माइकवर बोलत होते. "मैदानावर मरण यायला भाग्य लागतं. आपला ललित भाग्यवान!"

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, पदराचा बोळा तोंडात धरला.

"भाग्य म्हणं," चिमाजी पुटपुटला.

अंतिम सामन्यात शेखरसरांच्या संघाकडून घोटीचा रुद्र खेळत होता. उंचापुरा, चपळ. सगळे त्याला दुसरा ललित म्हणायचे. सामना रंगात आला आणि रुद्र गुडघ्यांवर हात टेकून एकदम थांबला. ओठ पांढरेफटक पडले होते. सरांनी त्याला बाजूला बसवून ग्लुकोजचं पाणी दिलं.

"ऊन लागलंय. दोन घोट घे आणि उतर. लीगची माणसं तुलाच बघायला आलीत."

चिमाजी ताडकन उठला, चपलांसकट मैदानातून आडवा गेला आणि त्यानं रुद्रचं मनगट धरलं. खेळ थांबला.

"ह्यो पोरगा खेळायचा नाय. आधी डाक्टरला दाखवा."

"अण्णा, साधा थकवा आहे हो."

"माझ्या पोराचाबी साधाच व्हता."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाबा, बाजूला व्हा!" सरांनी चिमाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "बापाचं काळीज आहे, समजून घ्या." लोकांनी समजून घेतलं. चिमाजीचं म्हणणं मात्र कुणीच ऐकलं नाही.

"काका, हात सोडा," रुद्र हळूच म्हणाला. "आज बसलो तर मला परत कोण विचारणार?"

ललितही हेच म्हणाला असता. चिमाजीची पकड सुटली.

रुद्र खेळला. त्याला काहीही झालं नाही. उलट शेवटची बास्केट त्यानंच टाकली आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

"बघा, उगाच घाबरलात," शेजारचा माणूस हसून म्हणाला.

चिमाजीला हायसं वाटलं, आणि स्वतःची किळसही आली. मघाशी एका क्षणाला त्याला वाटून गेलं होतं, पडू दे हा इथंच, म्हणजे शेखरचं तोंड तरी बंद होईल. परक्याचं लेकरू, अन् आपण असला विचार केला. हे त्याला गोजराबाईलासुद्धा कधी सांगता येणार नव्हतं.

करंडक द्यायला त्यालाच बोलावलं. रुद्र पाया पडून उभा राहिला, तसा चिमाजीनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आत धडधड चालली होती.

"उद्याच्या उद्या तपासून घे, बाळा."

"हो हो, काका," रुद्र म्हणाला. त्याची नजर कॅमेऱ्याकडे होती.

"अण्णा, जरा हसा की," शेखरसर म्हणाले.