गिऱ्हाइकाचा कोट

"गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लागता कामा नये," असं म्हणत मावशी स्वतःच्या हाताने माझ्या अंगात गिऱ्हाइकाचा कोट चढवत होती. "हात घाल. आता दुसरा. आणि कुणाला सांगू नकोस, कार्टे."

मी थडथड उडत होते. छान ऊन पाहून पातळ शर्टावर निघाले होते, आणि कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच असा पाऊस आला की ओलीचिंब होऊन परत लाँड्रीत. कोरडा शर्ट होता, पण माझा एकुलता एक स्वेटर कालच्या पावसात भिजून दोरीवर लोंबत होता. मावशीची शाल मी गेल्याच आठवड्यात बसमध्ये विसरले होते. पानगळीचे दिवस म्हणजे नुसता छळ. सकाळी धुकं, दुपारी घाम, संध्याकाळी कुडकुड. त्यात मी शिकते काय, तर हवामानशास्त्र!

"एवढं शिकवतात, मग घरातून निघताना काय घालावं तेवढं नाही शिकवत?" मावशी रोज विचारते.

आई गेल्यापासून मी मावशीकडेच असते. पुढे लाँड्री, मागे आमची खोली. लोकांचे कपडे धुण्यात तिचा जन्म गेला, पण त्यातला साधा रुमालसुद्धा तिने कधी स्वतःच्या नाकाला लावला नाही. पलीकडच्या गल्लीतला लाँड्रीवाला एकदा गिऱ्हाइकाचा सूट घालून लग्नाला गेला आणि नेमका त्याच गिऱ्हाइकाच्या शेजारी जेवायला बसला. त्याचं दुकान बसलं ते बसलंच. ही गोष्ट मावशी मला लहानपणी भुताच्या गोष्टीसारखी सांगायची.

पण मी नुकतीच तापातून उठले होते आणि आज तोंडी परीक्षा होती. चुकली तर वर्ष गेलं. मावशीने दांडीवरचे कपडे चाचपले आणि हा तपकिरी कोट काढला.

"काल एक बाई टाकून गेल्या. म्हणाल्या, आता आठवडाभर थंडी काही पडत नाही, सावकाश द्या. तू दुपारी आणून लटकव, मी परत इस्त्री मारते. जा, पळ!"

खोटं कशाला बोलू, कोट घालून मी ऐटीत चालले. वाटेत पाऊस थांबला, वारा सुटला, पिवळी पानं पायात घोटाळायला लागली. मी कॉलर वर केली आणि दुकानांच्या काचांत स्वतःला बघत बघत कॉलेजात पोचले.

परीक्षेच्या खोलीत आमच्या मॅडम बसल्या होत्या. मुलं त्यांना वादळबाई म्हणतात; का, ते एकदा ओरडा खाल्ला की कळतं. आज मात्र वादळ गारठलं होतं. अंगात पातळ ब्लाऊज, नाक लाल, दोन्ही हात काखेत.

"या दिवसांत हवा इतकी लहरी का असते?"

मी सांगायला लागले. गरम हवेला जायचं नसतं, थंड हवेला घुसायचं असतं, त्यांच्या भांडणात आपण भिजतो. नंतर पुस्तकातलंही सगळं धडाधड सांगितलं. पण मॅडम माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होत्या. बाकीची बटणं तपकिरी, ते एकटंच हिरवं.

"कोट छान आहे. कुणाचा?"

'आईचा' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण आईच्या नावावर हे कसं खपवू? आणि खरं सांगावं तर मावशीचं नाव मातीत.

"मावशीच्या लाँड्रीतला, मॅडम. गिऱ्हाइकाचा आहे. कुणाचा ते माहीत नाही. ती असं कधी करत नाही हो. मी भिजले म्हणून... चूक माझी आहे."

"मला माहीत आहे कुणाचा," मॅडम म्हणाल्या.

मी कोट काढला आणि त्यांना घालता यावा असा धरून उभी राहिले. तोंडातून निघून गेलं, "घरपोच सेवा, मॅडम."

मॅडमनी एक हात बाहीत घातला. मग वादळबाई हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "आणि मी तुझ्या मावशीला ठणकावून सांगून आले, आठवडाभर थंडी नाही म्हणून! मी! कुठे बोलू नकोस हं हे."

मी पास झाले. मावशीला कडकडून मिठी मारली आणि सगळं सांगून टाकलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हातातली इस्त्री उभी करून स्टुलावर बसली.

"संपलं," ती म्हणाली. "आता त्या कशाला पाऊल टाकतील इथे?"

त्या दिवशी तिने चहासुद्धा घेतला नाही. माझ्या पास होण्याची सगळी गंमत गेली.

संध्याकाळी हवा परत फिरली, नुसतं उकडायला लागलं. आणि दारात मॅडम! घामाघूम, कोट हातावर. मावशी ताडकन उठली. "बाई, माझं चुकलं..."

"ते राहू द्या. धुऊन ठेवा हा." मॅडमनी कोट टेबलावर ठेवला.

मावशीने कोट दोन्ही हातांनी जवळ ओढला. "कधी नेणार?"

मॅडमनी आभाळाकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "तुम्हीच सांगा बाई."

"थंडी पडली की ही आणून देईल," मावशी म्हणाली. "हातावर घेऊन."

थंडी दोनच दिवसांत पडली. मावशीने कोट कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला आणि मला सोडायला दारापर्यंत आली. माझा स्वेटर अंगात होता. कोपऱ्यापर्यंत पोचले आणि आला पाऊस. कागद टिपटिप वाजायला लागला.

मी स्वेटर काढला आणि कोटावर पांघरला.

"अगं बये, ताप येईल!" मावशी दारातून ओरडली. पण परत ये म्हणाली नाही.