आवाज शून्य

वनमालाबाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, पदराने चष्मा पुसला आणि सिद्धेशला बजावलं, की आज कॉल तुटला तर चहा मिळणार नाही.

सिद्धेश नुसता हसला. तक्रार तपासायला तो अंधेरीच्या ऑफिसातून मुद्दाम विक्रोळीच्या या चाळीत आला होता, आणि दोष आपल्या कामात नाही, नेटवर्कमध्येच आहे, याची त्याला पक्की खात्री होती. बाईंचे यजमान धोंडिराम खुब्याचं हाड मोडल्यापासून दहिसरच्या एका शुश्रूषागृहात होते. बाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडलेली. तेव्हा भेट काय ती रोजच्या या कॉलवर.

शुश्रूषागृहाच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉलचं जुनं, मोठ्या पडद्याचं यंत्र होतं. त्याची बोली वेगळी, बाईंच्या फोनमधल्या ॲपची वेगळी. दोघांच्या मध्ये राहून इकडचं तिकडे पोचवणारा दुभाष्या, म्हणजे एक प्रोग्रॅम, सिद्धेशने बांधला होता. सगळीकडे तो झकास चालायचा. तुटायचा तो फक्त याच घरचा कॉल.

कॉल लागला. चाकाच्या खुर्चीतले धोंडिराम दिसले. बाईंनी हात वर करून बोटं नाचवली, मग पोटावर थोपटलं. धोंडिरामांनी तळहातावर दोन बोटं आपटली आणि तोंड वाकडं केलं. बाईंनी कपाळाला हात लावला. ओठ दोघांचेही हलत होते, पण आवाज म्हणून नाही. सिद्धेश वाट बघत राहिला, आता बोलतील, मग बोलतील. तेवढ्यात पडदा काळा झाला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "रोज हेच. अर्ध्या बोलण्यात तोडतात."

"काकू, पण तुम्ही बोललातच कुठे?"

"बोलतच होतो मरे."

मग त्यांनी सांगितलं. दोघंही गिरणीतली. मागांच्या खडखडाटात ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे, म्हणून सगळं खातं हातांनी आणि ओठांनी बोलायचं. दोघांचं लग्नही तसंच जमलेलं, तोंडातून शब्द न काढता.

"आणि त्या हॉलात सगळे कान टवकारून बसतात," बाई म्हणाल्या. "सून काय म्हणाली, पोट साफ झालं का, हे चारचौघांना कशाला ऐकवू?"

सिद्धेशचा चेहरा उतरला. समोरचा माणूस गप्प असला की ते जुनं यंत्र आवाजाचा भाग पाठवतच नसे. आणि बराच वेळ आवाज आला नाही तर माणसं उठून गेली असं धरून लाइन बंद करायची, हा नियम त्याने स्वतः लिहिला होता, मोठ्या अभिमानाने. चित्र मात्र सारखं येत होतं. त्याच्या दुभाष्याला कान होते, डोळे द्यायचे राहून गेले होते. या दोघांचं बोलणं रोज आपणच तोडत होतो, हे त्याला फार लागलं.

पण हात त्याचे तयार होते. त्याने लॅपटॉप उघडला, चित्र हलतंय तोवर लाइन धरून ठेवायची असा नियम बसवला आणि बाईंना पुन्हा कॉल लावायला सांगितलं.

या वेळी कॉल टिकला. सुनेचा विषय झाला असावा, पोटाचा झाला असावा. बाई मध्येच हसल्या, मध्येच त्यांनी डोळे टिपले. चहा उकळून आटला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

सिद्धेशचा फोन थरथरला. ऑफिसातून त्याची सहकारी प्रांजल बोलत होती.

"विक्रोळीची लाइन बघतेय रे. आवाज शून्य आहे दोन्हीकडून. अडकली वाटतं. कट करू?"

पडद्यावर धोंडिरामांनी दोन बोटं छातीला लावून बाईंकडे दाखवली. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"नको," सिद्धेश हळूच म्हणाला. "बोलतायत ते."

आणि फोन कानाला तसाच धरून त्याने आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली.