मयतीचं लाल लुगडं

भैयाजी गेला, हे सांगायला सिंदेवाहीकडून माणूस आला आणि सुगंधाने पेटी उघडली. दारातल्या लटारूचे डोळे तिथेच खिळले. बायकोच्या माहेरचा शेजारी मेला, वाईट झालं; पण ही पेटीत काय हुडकते?

मयतीला लोक जुनं, विटकं नेसतात. प्रेत जाळून झालं की अंगावरच्या कपड्यांसकट नदीत बुडी मारावी लागते, मग धडाचं कोण भिजवील? सुगंधाने मात्र जुनी लुगडी बाजूला सारली आणि तळातून लालभडक लुगडं काढलं. लटारूने ते जन्मात पाहिलं नव्हतं. आपण तर घेतलं नाही! मग घेतलं कोणी?

"हे कुठचं वं?"

"माहेरचं."

"आन् मयतीले हेच काऊन?"

"हेच नेसतो मी."

झालं! लग्नापासून या भल्या माणसाच्या डोक्यात भैयाजीचा किडा वळवळत होता. म्हणे मानलेला भाऊ! भैयाजी घटकाभर अंगणात बसला तरी लटारूचा घास घशात अडकायचा. शेवटी बिचाऱ्याने येणंच सोडलं. आता बंडी हाकताना लटारू बैलांकडे कमी आणि मागे बायकोकडेच जास्त बघत होता. कधी नेसत असेल ही हे? मी मोहा वेचायला रानात गेलो की?

सरण पेटलं. मग पुरुष नदीत उतरले, बाया जरा वरच्या अंगाला. लटारूने बुडी मारून डोकं वर काढलं, तर लाल पाणी वाहत त्याच्या अंगाशी आलेलं. सुगंधाच्या लुगड्याचा रंग सुटला होता. इतका रंग पहिल्याच पाण्यात जातो. म्हणजे हे कधी धुतलंच नव्हतं, कधी नेसलंच नव्हतं! त्याला हायसं वाटलं. पण मेला संशय गप्प बसतो होय? मग आजच्यासाठी जपून ठेवलं होतं की काय?

परतताना त्याने विचारलंच, "इतकी वर्सं नेसली नाई, आन् आज त्याच्यासाठी?"

ओल्या लुगड्यात ती कुडकुडत होती.

"भाऊबीजेचं व्हय ते, अजी. त्याले एकदा तरी नेसून दाखवाचं होतं. तो जिता होता तवा तुमच्या भेवानं जमलं नाई. म्हटलं, आता तं तो मेला, आता तुमी काई म्हणणार नाई."

लटारूने उगाच बैलांचा कासरा ओढला.

"पण तुमी त्याले मेल्यावरबी सोडलं नाई," ती म्हणाली आणि लुगड्याचा लाल पदर पिळू लागली.