त्रेचाळीस नंबरचं उत्तर

आईची बेल गेले तीन आठवडे संध्याकाळ झाली की मुकी व्हायची. पक्षाघाताने आईची वाचा गेली होती. उरला होता चालता डावा हात आणि उशीजवळचं बटण. ते दाबलं की अंगणापलीकडच्या पुढच्या घरात, लेकीच्या पुस्तकबांधणीच्या टेबलावर, बेल वाजायची. पुढच्या घरातलं वायफाय आईच्या खोलीपर्यंत पोचवायला लेकीने तीन आठवड्यांपूर्वी तिथे तळहाताएवढा ब्रिज, म्हणजे वायफाय पुढे नेणारं यंत्र, स्वतःच बसवला होता. काल संध्याकाळी बटण दाबून दाबून आई थकली आणि उठायला जाऊन पलंगावरून पडली. मग दादा आला.

"चिमणे, हट्ट पुरे," तो म्हणाला. "आज बेल नीट झाली तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी गाडी येतेय. आई शुश्रूषा केंद्रात राहील. तिथे माणसं तरी असतात."

चिमणीने चाळिशी ओलांडली होती, पण दादाला ते कोण सांगणार. डिंकाचा डबा बाजूला सारून ती लॅपटॉप घेऊन बसली.

सहा वाजेपर्यंत सगळं ठणठणीत होतं. सहाला आईने हात लांबवून पलंगाशेजारच्या स्विचने जिन्यातला दिवा लावला. खिडकीतून तो दिसला. बाबा गच्चीवरून उतरायचे, त्यांना अंधार नको म्हणून आई तो लावायची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दिव्याची वेळ कधी चुकली नव्हती. दोन मिनिटांत बेल बंद पडली आणि पडद्यावर ओळ उमटली, हा पत्ता आणखी कुणीतरी वापरतंय.

"म्हणजे काय?"

"घरातल्या वायफायवर प्रत्येक वस्तूला आपापला नंबर असतो, दादा. दोघांनी एकच लावला की निरोपांचा घोळ होतो. ब्रिजला मी त्रेचाळीस दिलाय. पाचवीतला माझा हजेरी नंबर, लक्षात राहतो. तू जाऊन ब्रिज काढ बरं."

दादा गेला आणि ब्रिज हातात घेऊनच परत आला. तिने लॅपटॉपवरून त्रेचाळीसला हाक मारली. उत्तर यायला नको होतं. आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. ब्रिज तर दादाच्या हातात होता.

मग तिने त्या पत्त्याचं पान उघडलं. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते सांगणारी, बाबांनी बनवलेली डबी होती ती. जिन्यातल्या दिव्याच्या वायरवरच जोडलेली, त्यामुळे दिवा लागला की जागी होणारी, आणि उघड्या गच्चीवर पुढच्या घरातलं वायफाय थेट पकडणारी. सहा वर्षं ती रोज संध्याकाळी पाणी मोजत होती आणि विचारणारं कुणी नव्हतं.

"मग आईला सांग, दिवा लावूच नको," दादा म्हणाला आणि पडद्याकडे वाकला. वर बाबांनी नाव घातलं होतं, 'चिमणीचा नंबर'. त्याने ते मोठ्याने वाचलं.

बाबांना तिची इयत्तासुद्धा आठवत नसे. ती सहावीत असताना ते पालकसभेला चौथीच्या वर्गात तासभर बसून आले होते, यावर घर वर्षानुवर्षं हसत आलं होतं. त्याच बाबांनी आकडा निवडताना तिचा हजेरी नंबर काढला होता, आणि इतक्या वर्षांनी तिनेही नकळत तोच. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"त्यांचा त्यांनाच राहू दे," ती म्हणाली. "ब्रिजला दुसरा देते."

दादाने ब्रिज तिच्यापुढे ठेवला. "माझा एकोणतीस होता. बघ, कुणी आहे का तिथे."

तिने हाक मारली. कुणी नव्हतं.

"रिकामाच आहे, दादा."

"मग तोच दे."

ब्रिज पुन्हा जोडून झाला. जिन्यातला दिवा तसाच जळत होता. आईने बटण दाबलं आणि टेबलावर बेल वाजली. थांबून पुन्हा वाजली, मग पुन्हा. आईला काही हवं नव्हतं, ती नुसतीच वाजवत होती.

दादाने फोन काढला आणि उद्याची गाडी नको म्हणून सांगितलं.