बोट न येणारा शेवट

स्मरणिकेसाठी हेलनने लिहिलेला खर्डा:

‘बेटावरची बाई’ हे जर्मन नाटक प्रथम उत्तर जर्मनीतल्या एका लहान बंदरात झालं. बेटावर नोकरी करणारी बाई आजारी आईकडे जायला निघते. बॅग घेऊन धक्क्यावर बसते. बोट येत नाही. पडदा.

लंडनच्या इंग्रजी प्रयोगात शेवटी लांबून भोंगा वाजला. त्या इंग्रजीवरून मुंबईत मराठी झालं. तिथे बोट आलीच, वर बोटीतून आईही उतरली. नव्वद प्रयोग.

मस्कतच्या मराठी मंडळाचा प्रयोग मूळ जर्मनवरून आहे. बोट येत नाही.

(पुढची ओळ खोडलेली: कारण येत नाहीच.)

*

स्मरणिकेत नसलेलं:

हेलन मस्कतच्या रुवी भागातल्या हॉटेलात रिसेप्शनला. जर्मन प्रवाशांसाठी हॉटेलनेच तिला जर्मन शिकवलं. २०२० च्या मे महिन्यात तिची आई वसईत वारली. विमानं बंद होती. भरलेली बॅग सात आठवडे दारापाशी होती आणि हेलनचा नवरा फ्रेडरिक बॅगेला वळसा घालून कामावर जायचा.

नाटक हाती लागलं तेव्हा ती त्याला म्हणाली, “मला एकदा लोकांसमोर तसं बसायचंय.”

तो म्हणाला, “मग मी दिग्दर्शन करतो. बसायला सांगायला कोणीतरी हवं.”

*

ओमानी सरकारच्या परवानगीसाठी संहितेचा अरबी तर्जुमा द्यावा लागतो. शिक्का बसला की त्यात असेल तेच नाटक करायचं. प्रयोगाला सरकारी खात्याचा एक माणूस येतो आणि ती प्रत मांडीवर घेऊन बसतो.

मंडळाचे सगळे अरबी कागद शेजारच्या हमरियातल्या टायपिंगच्या दुकानात बदरुद्दीन करतो. ते कोणी वाचून पाहत नाही. वाचता येत नाहीत.

शिक्का आला. हॉटेलातल्या ओमानी मैत्रिणीने प्रत चाळली आणि म्हणाली, “शेवटी बोट येते ते फार आवडलं.”

प्रयोगाला चार दिवस होते.

*

“बदरुद्दीनभाई, बोट कुठून आली?”

“आधी बस, बाय. चाय सांगतो.”

“चहा नको. नाटकात बोट नाहीये.”

“नव्हती. मी घातली.” त्याने कीबोर्ड बाजूला सारला. “तीस वर्सं अर्ज लिवतो मी. बाई सामान घेऊन बसली नि पुढं काय नाय, असा कागद कोण पास करील?”

“तो अर्ज नव्हता.”

“हितून गेला म्हणजे अर्जच.”

फ्रेडरिक म्हणाला, “दुसरा तर्जुमा द्या करून.”

“देतो की. नव्या शिक्क्याला तीन आठवडे लागतील, इन्शाल्ला. हॉल गुरवारचा ना?”

बदरुद्दीन चष्मा पुसत राहिला.

“त्या साली तू एकटीच नव्हतीस, बाय. आमची घरवाली खैरुन्निसा रत्नागिरीत वारली तवा मी हितंच, या खुर्चीत. दुसऱ्यांचे परतीचे अर्ज लिवत होतो. तुझं ते शेवटचं पान आलं नि हात पुढं जाईना.”

हेलन भांडायला आली होती. तिने चहा घेतला.

*

गुरुवार. थर्माकोलची बोट विंगेत. वल्हवणार फ्रेडरिक, कारण चार दिवसांत दुसरा नट मिळाला नाही.

बॅग घरचीच. आईसाठी घेतलेले दोन गाऊन अजून आत होते. बॅग भरलेली दिसावी म्हणून काढले नाहीत, असं ती सगळ्यांना सांगायची.

ती धक्क्यावर बसली. तिचं वाक्य संपलं. आता बोट. फ्रेडरिक विंगेतच थांबला. तिला तेवढं बसणंच त्याला देता येत होतं.

तिसऱ्या रांगेत प्रत मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाने पान उलटलं, परत मागे उलटलं, मग मान वर करून रंगमंचाकडे पाहिलं.

बोट आली.

“चल,” फ्रेडरिक ओठ न हलवता म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत बदरुद्दीन रुमालात तोंड खुपसून रडत होता. हेलन उठली. फ्रेडरिकने बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही. छातीशी धरून ती बोटीत बसली, आणि तो तिला विंगेकडे ओढत घेऊन गेला.